कपाटातली पुस्तके आणि अभिरुचीची उतरंड

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे आणि ग्रंथपाल यांस

विषय : वाचनाची आवड, सामाजिक वर्ग आणि ग्रंथालयांची जबाबदारी



अभिरुची ही जन्माबरोबर मिळणारी देणगी नाही. कोणते गाणे कानाला गोड लागते, कोणते पुस्तक हातातून सोडवत नाही, भिंतीवर कोणते चित्र शोभते, पानात काय वाढले म्हणजे पाहुणचार झाला, याविषयीची आवड घरात, शाळेत आणि शेजारपाजारात घडते. घर, शाळा आणि शेजार सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. ते वर्गानुसार, आणि भारतात जातीनुसारही, वाटलेले असतात. त्यामुळे आवडीही त्याच रेषांवर वाटल्या जातात. ज्याला मान्यताप्राप्त आवड घरातूनच मिळाली त्याची रुची उपजत समजली जाते आणि ज्याला ती मिळाली नाही त्याला रुचीच नाही असे ठरवले जाते. पुस्तके वाचण्यापेक्षा दिसण्यासाठी बाळगण्याची रीत याच समजुतीवर जगते. ही समजूत मोडण्याचे सामर्थ्य असलेली एक संस्था महाराष्ट्रात गावोगावी उभी आहे, ती म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. म्हणून हे पत्र ग्रंथालये चालवणाऱ्यांना उद्देशून आहे.

वर्ग आणि अभिरुची यांच्या नात्याचा सर्वांत सविस्तर अभ्यास फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू (१९३०–२००२) यांनी केला. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या एका खेड्यात, शेतकरी कुळातून टपाल खात्यात नोकरीला लागलेल्या वडिलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पॅरिसच्या उच्चभ्रू शिक्षणसंस्थांपर्यंत पोहोचलेल्या या अभ्यासकाला दोन्ही जगांतल्या चालीरीतींमधले अंतर जवळून ठाऊक होते. १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७–६८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकूण १,२१७ लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली. आवडते संगीत, चित्रकार, घरातले सामान, कपडे, खाणे, सिनेमा अशा अनेक गोष्टींविषयी त्यात प्रश्न होते. या सामग्रीवर आधारलेला त्यांचा ‘ला दिस्तँक्स्यों’ हा ग्रंथ १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्या पाहणीतून दिसलेले चित्र स्पष्ट होते. बाखची ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हिअर’ ही रचना पसंत करणारे प्रामुख्याने उच्चशिक्षण घेतलेले प्राध्यापक आणि कलावंत होते. गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ मध्यमवर्गात लोकप्रिय होती. स्ट्राउसची ‘ब्लू डॅन्यूब’ कामगार आणि छोट्या दुकानदारांत. कोणत्या वस्तूचा फोटो सुंदर येईल असे विचारल्यावर कमी शिकलेल्यांनी सूर्यास्तासारख्या, आधीच सुंदर मानलेल्या विषयांना पसंती दिली. शिक्षण वाढत गेले तसे कोबीच्या गड्ड्यांचा किंवा झाडाच्या सालीचाही सुंदर फोटो होऊ शकतो असे म्हणणारे वाढत गेले. खाण्यातही तोच भेद होता. अंगमेहनत करणाऱ्या कुटुंबांत पोटभर, सढळ हाताने वाढलेल्या जेवणाला मान होता, तर वरच्या थरात हलके पदार्थ, मांडणी आणि जेवणाचा क्रम महत्त्वाचा होता. गरज भागवण्याची चिंता ज्याला नसते त्याला वस्तूच्या उपयोगापेक्षा तिच्या रूपाकडे पाहण्याची सवड मिळते. ही सवड पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिली की तीच सुसंस्कृतपणा म्हणून ओळखली जाते.

बोर्द्यू यांनी यासाठी ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना मांडली. हे भांडवल तीन रूपांत असते. पहिले रूप माणसाच्या अंगात मुरलेले असते : बोलण्याची ढब, उच्चार, पुस्तकाविषयी सहज बोलता येणे, मैफलीत कुठे दाद द्यावी हे कळणे. दुसरे वस्तूंच्या रूपात असते : ग्रंथ, चित्रे, वाद्ये. तिसरे पदव्या आणि प्रमाणपत्रांच्या रूपात असते. वस्तू पैसे देऊन एका दुपारी विकत घेता येते. ती समजून घेण्याची क्षमता मात्र वेळ खर्च केल्याशिवाय येत नाही, आणि तो वेळ बहुधा लहानपणीच, आईवडिलांच्या सहवासात खर्च झालेला असतो. पुस्तकांचे प्रदर्शन पहिल्या दोन रूपांमधल्या फटीतून जन्माला येते. पहिले भांडवल हाताशी नसले की माणूस दुसऱ्याच्या आधाराने ते असल्याचे दाखवू पाहतो.

ही धडपड सर्व थरांत सारखी नसते. ज्या घरात तीन पिढ्यांपासून पुस्तके आहेत तिथे ती जिन्याखाली, पलंगाजवळ, धूळ खात कुठेही पडलेली चालतात. त्या घराला काही सिद्ध करायचे नसते. ज्याच्यापर्यंत पुस्तक अजून पोहोचलेलेच नाही त्याला ते मांडायचे कसे हा प्रश्न पडत नाही. ताण येतो तो मधल्या थरावर. नुकतेच शिकून वर आलेले कुटुंब मान्यताप्राप्त संस्कृतीपुढे मनापासून आदराने उभे असते, पण तिच्या खुणा बिनचूक ओळखता येतील की नाही अशी धास्ती त्याला असते. म्हणून ते ज्ञानकोशांचे संच, नामवंत लेखकांचे समग्र खंड आणि सुबक बांधणीच्या आवृत्त्या घेते. या आदराची थट्टा करण्याची सवय वरच्या थराला असते. खरे तर ही धडपड दोष म्हणून मोजण्यासारखी नाही. जो समाज माणसाची किंमत त्याच्या उच्चारावरून आणि कपाटावरून ठरवतो, त्या समाजाचाच तो दोष आहे.

दाखवण्यासाठी पुस्तके बाळगण्याची तक्रार फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांनी मनःशांतीवरच्या आपल्या लेखनात छतापर्यंत पुस्तके रचणाऱ्या धनिकांवर टीका केली. घरात स्नानगृह असावे तसा ग्रंथसंग्रहही आता शोभेचा भाग झाला आहे असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या शतकात लुसिअन या ग्रीक लेखकाने अडाणी ग्रंथसंग्राहकावर एक संपूर्ण लेख लिहिला. १४९४ मध्ये बाझेल येथे छापलेल्या सेबास्टियन ब्रांट यांच्या ‘मूर्खांचे जहाज’ या जर्मन काव्यात जहाजावर चढणारा पहिला मूर्ख ग्रंथांचा मालक आहे. तो पुस्तकांवरच्या माश्या हाकलतो, पण आत काय लिहिले आहे ते त्याला उमगत नाही. युरोपात छपाई सुरू होऊन तेव्हा जेमतेम चाळीस वर्षे झाली होती.

पुढे छपाई स्वस्त झाली आणि पुस्तक असणे पुरेसे राहिले नाही. वेगळे पुस्तक असणे महत्त्वाचे ठरू लागले. अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्यांनी विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट छापखान्याच्या पुस्तकांचे उदाहरण घेतले. हाताने केलेला कागद, न कापलेल्या कडा, वाचायला अवघड जुन्या वळणाची अक्षरे आणि मोजक्या प्रती यांमुळे ही पुस्तके यंत्रावर छापलेल्या पुस्तकांपेक्षा महाग होती, आणि त्या महागाईतच त्यांची प्रतिष्ठा होती, असे व्हेब्लेन यांनी दाखवले. इंग्लंडमधल्या जमीनदारी वाड्यांत ग्रंथालयाचा दरवाजा खोट्या पुस्तकांच्या पाठी चिकटवून लपवण्याची पद्धत होती. फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या कादंबरीत नवश्रीमंत नायकाच्या घरी आलेला पाहुणा पुस्तके खरी आहेत हे पाहून चकित होतो, पण त्यांची पाने अजून कापलेली नाहीत हेही त्याच्या लक्षात येते. आजही अमेरिकेत सजावटीसाठी पुस्तके फुटाच्या मापाने, कपाटाच्या लांबीनुसार आणि भिंतीच्या रंगानुसार विकली जातात. २०२० च्या टाळेबंदीत दूरचित्रवाणी वाहिन्यांवरच्या चर्चा घरांतून होऊ लागल्या, तेव्हा तज्ज्ञांच्या पाठीमागे पुस्तकांचे कपाट दिसणे हा जगभर संकेत बनला.

न वाचलेले प्रत्येक पुस्तक मात्र दिखाव्याचे नसते. इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांच्याकडे सुमारे ३०,००० ग्रंथ होते, आणि न वाचलेली पुस्तके हीच संशोधकाची खरी हत्यारे, असे त्यांच्या संग्रहाकडे पाहून म्हटले गेले आहे. घरात नुसती असलेली पुस्तकेही काम करतात. २०१० मध्ये एम. डी. आर. इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ देशांतील माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईवडिलांचे शिक्षण, व्यवसाय आणि वर्ग हिशेबात घेऊनही, सुमारे ५०० पुस्तके असलेल्या घरात वाढलेली मुले पुस्तके नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक शिकली, असे त्यात आढळले. आंतरराष्ट्रीय शैक्षणिक चाचण्यांत विद्यार्थ्यांना घरात किती पुस्तके आहेत हा प्रश्न विचारला जातो, तो याच कारणाने. पुस्तकांची संगत हा मुलाच्या भविष्यातला खरा वाटा आहे. ती विकत घेण्याच्या ऐपतीवर अवलंबून राहिली तर हा वाटा काही मुलांना जन्मापासून मिळतो आणि बाकीच्यांना कधीच मिळत नाही.

महाराष्ट्रात अभिरुचीची उतरंड कशी रचली गेली हे मराठी वाङ्मयाच्या संस्थात्मक इतिहासातच दिसते. १८७८ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली; आजच्या साहित्य संमेलनाची परंपरा तिथून मोजली जाते. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना आले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक सर्व माणसांचे हक्क प्रत्यक्ष वागणुकीत मान्य करत नाहीत त्यांच्या सभांशी आणि ग्रंथांशी शूद्रातिशूद्रांचा मेळ बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. चांगले वाङ्मय कोणते हे ठरवणारे कोण आणि ते कोणाच्या अनुभवावर ठरते, हा प्रश्न मराठीत इतक्या लवकर आणि इतक्या थेटपणे विचारला गेला आहे. बोर्द्यूंच्या फ्रान्समध्ये हा प्रश्न वर्गाचा होता. इथे त्याला जातीची जोड आहे, आणि जात ही पैसा आल्यावरही पाठ सोडत नाही.

ही उतरंड भाषेत ऐकू येते. ‘ण’ च्या जागी ‘न’ उच्चारणाऱ्या मुलाला वर्गात हसतात आणि नोकरीच्या मुलाखतीत गुण कमी पडतात, जरी त्याच्या बोलण्यातला आशय पूर्ण असला तरी. प्रमाण मराठीचे व्याकरण दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये लिहिले. शिक्षण आणि छपाई यांसाठी अशा प्रमाणाची गरज होती. प्रमाणभाषा ही सोय आहे. तिला माणसाच्या लायकीचे माप केले की ती भिंत होते.

ही उतरंड रंगमंचावरही दिसते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पुढच्या अर्धशतकात संगीत नाटक शिक्षित घराण्यांचे अभिमानस्थान झाले. त्याच काळात तमाशाचे फड गावोगावी हजारोंची गर्दी खेचत होते, पण फडातले कलावंत मुख्यतः दलित आणि भटक्या जातींतले होते आणि त्यांची कला हलकी मानली गेली. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९० च्या दशकात दाखवले की लावणी सिनेमात आणि शहरी व्यासपीठावर येऊन रूप बदलत गेली, तरी ती पिढीजात सादर करणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला तिचा मान त्या प्रमाणात आला नाही. कलाप्रकार वर चढतो आणि कलावंत खालीच राहतो, असे अनेक देशांत घडले आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण लावणी आहे.

पुस्तकांच्या जगात तोच निवाडा बाबूराव अर्नाळकरांच्या वाट्याला आला. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ या नायकांच्या कथांसह त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. चाळींत, गिरणगावात आणि लहान गावांत ज्यांनी आयुष्यातले पहिले पुस्तक संपूर्ण वाचले, त्यांतल्या अनेकांच्या हाती अर्नाळकर होते. हा वाचक मोठ्या प्रमाणात भाड्याने पुस्तके देणाऱ्या खासगी वाचनालयांवर वाढला. समीक्षेने या लेखनाची नोंद फारशी घेतली नाही आणि पुस्तके जपूनही ठेवली गेली नाहीत; त्यांतल्या अनेक पुस्तकांच्या प्रती आज दुर्मीळ आहेत. वाचणाऱ्यांचा वर्ग खालचा मानला गेला की पुस्तकही खालचे ठरते आणि पुढे ते नाहीसेच होते.

तरीही ही उतरंड अढळ नाही. अण्णाभाऊ साठे यांना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळालेच नाही. मुंबईच्या कामगार वस्तीत राहून त्यांनी लिहिलेल्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनीच केले. रस्त्यावर सापडलेले आणि गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले नारायण सुर्वे १९९५ मध्ये परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हा कथासंग्रह आणि दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन यांनी मराठी वाचकाला नवे शब्द, नवे विषय आणि नवा गद्यस्वर यांची सवय लावली. आधी अशिष्ट वाटलेली भाषा एका पिढीत अभ्यासक्रमाचा भाग झाली. अभिरुची घडवता येते आणि बदलताही येते, हे महाराष्ट्राने स्वतःच सिद्ध केले आहे.

मराठी घरात पुस्तक मांडण्याच्या रीतीही एका अर्थाच्या नाहीत. देवघरात लाल वस्त्रात बांधलेली पोथी वर्षातून एकदा, पारायणाला उघडते. तिथे मालकीपेक्षा श्रवणाला महत्त्व आहे. एकाने वाचायचे आणि आळीने ऐकायचे. फ्लॅटच्या हॉलमध्ये दूरचित्रवाणी संचाशेजारी काचेची शोकेस असते, तिच्यात चषक, बाहुल्या आणि समग्र वाङ्मयाचे संच एका ओळीत असतात. प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेले हे संच अनेकदा खोक्यातून थेट काचेआड जातात. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेल्या परंपरेतले दिवाळी अंक आजही घरोघरी टीपॉयवर मांडले जातात; तिथे अंक वाचला जातो आणि पाहुण्याला दिसतोही.

पण ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडते ते यांहून वेगळे आहे. तिथे पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात. मजूर, सफाई कामगार, शेतमजूर बायका मुलांसाठी पुस्तके निवडतात. राज्य शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे जाडजूड इंग्रजी खंडही घरी नेतात. त्यांतल्या अनेक घरांत ते खंड लगेच वाचले जाणार नाहीत. ते दर्शनी भिंतीवर, फोटोखाली मांडले जातात. ज्या समाजाला अक्षरापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले, त्याने ग्रंथ घरात आणून सर्वांना दिसेल असा ठेवणे हा हक्काचा उच्चार आहे. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहाला जागा व्हावी म्हणून, ही गोष्ट या घरांना माहीत असते. तेच पुस्तक, तीच काच. पण मागचा इतिहास वेगळा, म्हणून अर्थही वेगळा. दिखावा म्हणून कोणाच्याही कपाटाला नावे ठेवण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा लागतो.

यावर एक आक्षेप येतो. आवड वर्गातून येत असेल तर चांगले आणि सुमार असा फरकच उरत नाही का? तसे होत नाही. एखादी रचना कोणाला आवडते याचे कारण सापडले म्हणून त्या रचनेची ताकद नाहीशी होत नाही. दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे कापून ग्रंथालये उभी केली. ट्रेडेगर येथील अशाच ग्रंथालयात वाचून वाढलेले अन्यूरिन बेव्हन पुढे ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले. या ग्रंथालयांत तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र आणि रोमांचक कादंबऱ्या शेजारीशेजारी होत्या. श्रेष्ठ वाङ्मय श्रमिकांना पेलत नाही हा समज अशा उदाहरणांनी खोटा पाडला आहे. दुसरीकडे, अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड पीटरसन यांनी १९९० च्या दशकात दाखवले की वरच्या वर्गाची नवी खूण ‘सगळे काही आवडणे’ ही होत आहे : शास्त्रीय संगीतही आणि लोकसंगीतही. हा मोकळेपणा वरकरणी समतेचा वाटतो, पण सगळीकडे फिरण्याची मुभा ज्याच्याकडे आहे त्यालाच तो परवडतो. खालच्या थराला अजूनही एकाच कोपऱ्यात ठेवले जाते. प्रश्न दर्जा नाकारण्याचा नाही. दर्जा ओळखण्याची संधी सर्वांना देण्याचा आहे.

ही संधी देणारी संस्था महाराष्ट्राला नवी नाही. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. यांतल्या पहिल्या काही संस्था सुरुवातीला इंग्रज अधिकारी आणि इंग्रजी शिकलेले मूठभर लोक यांच्यासाठी होत्या. वर्गणी, अनामत आणि सभासदत्व हे त्यांचे दार होते. वेगळी वाट दाखवली ती बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. नाशिक भागातल्या कवळाणे गावातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या या राजाने १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून गावोगाव मोफत ग्रंथालये, स्त्रिया आणि मुलांसाठी स्वतंत्र विभाग आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये उभारली. शाळेमागे ग्रंथालय आले नाही तर शिकलेले अक्षर विसरले जाते, हा त्यामागचा विचार होता.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला. तमिळनाडू, कर्नाटक, केरळ येथील कायद्यांत ग्रंथालय कर आहे, तसा त्यात नाही. अ, ब, क, ड वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते आणि कारभार स्थानिक मंडळे पाहतात. या रचनेमुळे राज्यात हजारो ग्रंथालये उभी राहिली, हे मोठे काम आहे. पण त्यांच्या दाराशी वर्गभेद अजून उभा आहे. मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्र सर्वांना मिळते, देवघेव विभागात मात्र अनामत आणि मासिक वर्गणी लागते. अनेक ठिकाणी कपाटे कुलूपबंद असतात, वाचकाने यादीतून नाव शोधून चिठ्ठी द्यायची असते. पुस्तकाचे नाव ज्याला आधीच माहीत आहे त्याचीच ही सोय आहे. बोर्द्यू आणि आलँ दार्बेल यांनी १९६६ मध्ये युरोपातल्या कलासंग्रहालयांचा अभ्यास करून हेच दाखवले होते : दार उघडे असूनही कमी शिकलेला माणूस आत येत नाही, कारण आत कसे वागायचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आलेल्या श्रमिकांना दिशादर्शक बाण, फलक आणि वाटाड्या हवे होते; जाणकारांना या गोष्टी नको वाटत होत्या. ज्या सोयी जाणकाराला अनावश्यक वाटतात त्याच नवख्याला आत आणतात.

म्हणून कार्यकारी मंडळांनी आणि ग्रंथपालांनी पुढील गोष्टी आपल्या अधिकारात कराव्यात. कपाटांची कुलपे काढावीत आणि वाचकाला पुस्तक हाताळून, चाळून निवडू द्यावे. चार पुस्तके हरवण्याचे नुकसान चारशे पुस्तके न वाचली जाण्यापेक्षा कमी आहे. घरकामगार, मजूर, विद्यार्थी आणि स्थलांतरित कुटुंबांसाठी अनामत माफ करावी. स्थानिक देणगीदारांना चषकाऐवजी या अनामतीचा भार उचलायला सांगावे. ग्रंथालयाची वेळ कामगाराची पाळी आणि बाजाराचा दिवस पाहून ठरवावी. खरेदीच्या यादीत पुरस्कारप्राप्त ग्रंथांबरोबर रहस्यकथा, शाहिरी वाङ्मय, बोलीतली पुस्तके आणि स्थानिक लेखकांचे स्वस्त छपाईतले लेखन असावे, आणि ते जपून ठेवावे. नव्या वाचकाला आजचे पुस्तक संपल्यावर उद्या कोणते घ्यावे हे सांगणारा माणूस किंवा साधा फलक प्रत्येक विभागात असावा. अर्नाळकर वाचणाऱ्याला अण्णाभाऊंपर्यंत आणि अण्णाभाऊ वाचणाऱ्याला बागूलांपर्यंत नेणे हेच ग्रंथपालाचे खरे काम आहे. पहिल्या पुस्तकावरून त्याची लायकी ठरवणे नाही.

पुस्तक दारापर्यंत नेण्याचे नमुनेही डोळ्यांसमोर आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना पेट्यांतून पुस्तके वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचवते. महाबळेश्वर–पाचगणी परिसरातले भिलार हे गाव मे २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथे गावकऱ्यांच्या घरांत, शाळेत, देवळात पुस्तके मांडली आहेत आणि ती येणाऱ्या कोणालाही बसून वाचता येतात. घराच्या दर्शनी खोलीत पुस्तके आहेत, पण ती घरमालकाच्या प्रतिष्ठेसाठी नाहीत, सर्वांसाठी आहेत.

ज्यांच्या घरी भरलेली कपाटे आहेत त्यांनाही ग्रंथालये आवाहन करू शकतात : वर्षभर न उघडलेला संच जवळच्या ग्रंथालयाला द्यावा आणि तो तिथे वाचला जातो आहे की नाही याची चौकशीही करावी. देणगीदाराचे नाव पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिण्याची पद्धत आहेच. त्याचा मान त्याला मिळेल.

कपाटातले पुस्तक मालकाचा वर्ग सांगते. ग्रंथालयातले पुस्तक वाचणाऱ्याचा वर्ग विचारत नाही, आणि विचारूही नये. हा भेद टिकवण्याचे काम कायद्याने आणि परंपरेने आपल्या हाती सोपवले आहे. पुढच्या कार्यकारी सभेच्या विषयपत्रिकेवर कुलपे, अनामत आणि वेळ हे तीन विषय घ्यावेत आणि त्यांवर निर्णय करावा, ही कळकळीची विनंती.

कळावे,

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांचा एक वाचक